समुद्राकाठचा शेवटचा किलोमीटर

काशीदला रस्ता आणि समुद्र यांच्यामध्ये सुरूच्या झाडांची एक पट्टी तेवढी आहे. अलिबागहून रेवदंडा, कोर्लई करत मुरूडकडे जाणारा रस्ता इथे वाळूला जवळजवळ लागूनच जातो. काशीदचं नाव झालं ते त्यामुळेच. गाडी थांबवायची, दार उघडायचं, की समोर पांढरी वाळू आणि मोकळा समुद्र. आणि शनिवार-रविवारी काशीदची जी दशा होते तीही त्यामुळेच. सुरूच्या सावलीत गाड्या, टपऱ्यांपुढे गाड्या, रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या. मधे जी फट उरते तिच्यातून मुरूडची एसटी, दुचाकींचे घोळके, पुण्याहून आलेली मिनीबस आणि ओल्या कपड्यांनी रस्ता ओलांडणारी पोरंबाळं, सगळ्यांनी एकाच वेळी जायचं असतं.

माझं म्हणणं असं की समुद्राकडे जाणारा हा शेवटचा किलोमीटर आधी चालणाऱ्याचा असला पाहिजे. गाडी गावाच्या वेशीवर थांबावी आणि तिथून माणसाने पायी यावं. जिथे रस्ता बंद करणं शक्यच नाही, तिथे गाडीने माणसाच्या कलाने, धिम्या गतीने जावं. हे काशीदला लागू आहे तसंच वरसोली, नागाव, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन यांनाही लागू आहे. आणि हे आत्ता ठरवायला हवं. आणखी पाच वर्षांनी ठरवू म्हटलं तर ठरवण्यासारखं फारसं उरलेलं नसेल.

कारण गाड्यांची वाट दर काही वर्षांनी रुंद होत चालली आहे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईची मोटार समुद्रावरून थेट अलिबाग तालुक्यात उतरू लागली. जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. रेवस ते रेड्डी हा सागरी महामार्ग माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून कागदावर होता. आता खाड्यांवरचे मोठे पूल बांधून तो सलग करण्याचं काम हाती घेतलं आहे. हे प्रकल्प चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. खाडीला वळसा घालून तासन् तास घालवणाऱ्या माणसाला पूल हवाच आहे. पण या सगळ्यात एक प्रश्न कुणी विचारत नाही: पुलावरून वेगाने आलेली ही गाडी शेवटी जाणार कुठे? नागावच्या वाड्यांमधला रस्ता रुंद झालेला नाही आणि होऊही नये. काशीदची वाळू लांबलेली नाही. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांनी नोंदींमध्ये व्यत्यय येईल, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवली गेली. शहराच्या रहदारीपासून पुरेशी दूर असलेली जागा म्हणून तेव्हा अलिबाग निवडलं गेलं, हे आज शनिवारच्या दुपारी कुणाला सांगूनही पटणार नाही.

एक साधा हिशेब मांडतो. एक मोटार उभी करायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. आत-बाहेर करायला लागणारी जागा धरली तर साधारण २५ चौरस मीटर. एक किलोमीटर किनाऱ्यालगत समुद्राकडे तोंड करून गाड्या एकीला एक लावून उभ्या केल्या तर ४०० मावतात. गाडीत चार माणसं धरा. म्हणजे किलोमीटरभर किनारा, त्यावरची सावली आणि रस्त्यावरून दिसणारा समुद्र आपण १,६०० माणसांच्या रिकाम्या गाड्यांना देऊन टाकला. तेवढीच माणसं चाळीस आसनांच्या ४० एसटींतून येतात, आणि एसटी माणसं उतरवून निघून जाते. गाडी मात्र चार-पाच तास तिथेच तापत उभी राहते. एका गाडीने अडवलेल्या जागेत शहाळ्यांची, ताडगोळ्यांची, कोकम सरबताची मिळून चार-पाच दुकानं सहज थाटता येतात. समुद्रकिनाऱ्यावरची सर्वांत मोलाची जागा आपण ज्याला समुद्र दिसत नाही अशा पत्र्याला फुकटात किंवा वीस-पन्नास रुपयांत देतो आहोत.

पर्यटकाबद्दल बोलण्याआधी गावाबद्दल बोलायला हवं. आवास-सासवण्यापासून चौल-रेवदंड्यापर्यंतच्या अष्टागरात रस्ता वाड्यांच्या गडग्यांमधून जातो. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी, घरांची ओटी-पडवी जवळपास रस्त्यावरच. या रस्त्यावर पूर्वापार चालणारी माणसं आहेत. डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली कोळीण, सायकलवरून शाळेला जाणारी मुलं, देवळात जाणारी म्हातारी माणसं. सुकवलेली मासळी आणि पांढऱ्या कांद्याच्या माळा विकणाऱ्या बायका याच रस्त्याच्या कडेला बसतात. त्यांच्यासाठी फुटपाथ कधी नव्हताच, कारण अख्खा रस्ताच चालायचा होता. आता शनिवारी सकाळपासून रविवारी रात्रीपर्यंत म्हाताऱ्या माणसांना घराबाहेर पडू नका म्हणून सांगावं लागतं. ज्या गावात माणसं पाहुण्यांसाठी घरं उघडून देतात, न्याहारी-निवासाची पाटी लावतात, त्या गावातल्याच माणसाला आपल्या दारातला रस्ता ओलांडायला भीती वाटावी, ही गोष्ट मला फार लागते.

ही भीती मनाचे खेळ नव्हेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. जवळजवळ दर पाचातला एक. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाड्यांचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. म्हणून जिथे माणसं आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असं रस्तासुरक्षेवरच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलं गेलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालण्याजोगे, अडथळ्यांविना असलेले पदपथ हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हे वाचताना डोळ्यांपुढे मुंबई-पुणे येतात. पण नागावची कोळीणही त्याच घटनेखाली चालते.

गाड्या वेशीवर थांबवणं आपल्याकडे चालायचं नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी याच रायगड जिल्ह्यात डोंगरावर जाऊन पाहावं. माथेरानला मोटार दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते. पुढचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा छोट्या रेल्वेगाडीने. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर मोटारीला पिढ्यान् पिढ्या तिथे प्रवेश नाही, आणि २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून त्यावर केंद्र सरकारचं शिक्कामोर्तब झालं. माथेरान ओस पडलं का? उलट मोटार नाही हेच माथेरानचं आकर्षण झालं. बाजारपेठेतली दुकानं चालणाऱ्या माणसांवर जगतात. चालणारा माणूस थांबतो, चिक्की चाखून पाहतो, चप्पल घेतो. गाडीतला माणूस काच खाली करतो, भाव विचारतो आणि मागच्याने हॉर्न दिला की निघून जातो.

माथेरानने एक कडू धडाही दिला आहे आणि तो लपवून चालणार नाही. मोटार बंद केली, पण तिच्या जागी काय, हे ठरवायला आपण फार वेळ लावला. परिणामी माणसाने माणसाला हातरिक्षातून ओढणं चालूच राहिलं. ई-रिक्षांची चाचणी सुरू व्हायला डिसेंबर २०२२ उजाडला, तीही सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आल्यावर. आणि हातरिक्षा बंद करण्याचा आदेश त्याच न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये द्यावा लागला. ज्याला चालता येत नाही त्याची सोय पहिल्या दिवसापासून केली नाही तर त्याची किंमत तिसराच कुणीतरी गरीब माणूस आपल्या छातीच्या जोरावर मोजतो. तेव्हा काशीदला गाड्या वेशीवर थांबवायच्या असतील तर म्हाताऱ्या, अपंग, तान्ही मुलं घेऊन आलेल्या माणसांसाठी विजेवरची छोटी वाहनं त्याच दिवशी उभी हवीत. ती चालवायला गावातलीच मुलं-मुली हव्यात. आज मिनीडोर आणि सहाआसनी रिक्षा चालवणाऱ्यांना हे काम आधी विचारलं पाहिजे, कारण त्यांचंच पोट या रस्त्यावर आहे.

समुद्रकाठचं उदाहरण हवं असेल तर ते पुदुच्चेरीत आहे. तिथला गूबेर अव्हेन्यू, म्हणजे बीच रोड, सव्वा-दीड किलोमीटरचा. एका अंगाला जुन्या फ्रेंच वळणाच्या इमारती, दुसऱ्या अंगाला बंगालचा उपसागर, मधे गांधींचा पुतळा. रोज संध्याकाळी सहाला हा रस्ता गाड्यांना बंद होतो तो सकाळी साडेसातपर्यंत. दिवसभर नेहमीसारखी वाहतूक, संध्याकाळी तोच डांबरी रस्ता शहराचं अंगण होतो. आजोबा नातवाला सायकल शिकवतात, बायका निर्धास्तपणे रात्री फेऱ्या मारतात, भेळवाले-आइस्क्रीमवाले गर्दीत फिरतात. यासाठी नवं काही बांधावं लागलं नाही. दोन टोकांना अडथळे ठेवायचे, पोलीस उभे करायचे आणि वेळ पाळायची. पाहुणे पुदुच्चेरीला जातात त्याच्या कारणांमध्ये हा संध्याकाळचा रस्ता मोठा आहे. मुंबई पोलिसांनी मार्च २०२२ पासून रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हसारखे रस्ते चालणाऱ्यांसाठी, सायकलवाल्यांसाठी मोकळे ठेवायला सुरुवात केली. पुण्यात ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्ता गाड्यांविना ठेवतात. म्हणजे जमतं. मोठ्या, गजबजलेल्या शहरांना जे जमतं ते दोन-चार हजार वस्तीच्या गावाला जमणार नाही असं मानायचं कारण नाही.

पण पुदुच्चेरीकडे पाहताना रस्त्याच्या पलीकडेही पाहायला हवं. त्या रस्त्याला लागून कित्येक वर्षं वाळूच नव्हती, होते ते काळे दगड. शहराच्या दक्षिणेला १९८०च्या दशकाच्या अखेरीस बंदर बांधलं, त्याच्या लाटारोधक भिंतींनी उत्तरेकडे वाहत जाणारी वाळू अडवली आणि शहरापुढची पुळण समुद्राने नेली. रस्ता वाचवायला दगडांची रास टाकली. अलीकडे पाण्याखाली बांध घालून, वाळू टाकून पुळणीचा काही भाग परत मिळवला, तोही मोठा खर्च करून. मला हे कोकणासाठी फार महत्त्वाचं वाटतं. कारण आपल्याकडे ‘किनाऱ्याचं सुशोभीकरण’ असं म्हटलं की दुसऱ्या क्षणी काँक्रीटची भिंत, तिच्यावर कट्टा, कट्ट्यावर रंगीत फरशा आणि शोभेचे दिवे डोळ्यांपुढे येतात. धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांच्या नावाखाली कोकणात किती ठिकाणी दगडांच्या राशी पडल्या आहेत हे किनाऱ्याने जाणाऱ्याला सांगायला नको. भिंतीवर आपटलेली लाट परतताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. भिंत राहते, पुळण जाते.

म्हणून स्पष्ट सांगतो: चालणाऱ्यांसाठी रस्ता म्हणजे समुद्रात पुढे सरकलेला नवा कट्टा नको. जो रस्ता आहे त्यातलीच जागा गाडीकडून घेऊन माणसाला द्यायची आहे. वाळूवर एक वीटही चढवायची नाही. सावलीसाठी झाडं हवीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या वाड्याही झोपवल्या आणि किनाऱ्यावरचे सुरूही. त्या जागी उंडी, करंज, भेंड, नारळ अशी मिश्र लागवड झाली तर दहा वर्षांत चालणाऱ्याच्या डोक्यावर सावली येईल. कपडे बदलायच्या खोल्या, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी या सोयी तात्पुरत्या बांधणीच्या असाव्यात. २०१९ ची किनारा नियमन अधिसूचना अशा सोयींना भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर सोडून परवानगी देतेच. बायकांना दिवसभर एक बरं स्वच्छतागृह मिळत नाही त्या किनाऱ्यावर शोभेचे दिवे लावणं मला अन्यायाचं वाटतं.

आता काशीदचंच बघू, कारण तिथे प्रश्न अवघड आहे. तो रस्ता बंद करता येत नाही. मुरूडकडे जाणारी ती मुख्य वाट आहे. जुलै २०२१ मध्ये काशीदजवळचा जुना पूल पुरात कोसळला तेव्हा मुरूडकरांना रोह्याकडून वळसा घालावा लागला. त्या दिवसांत आजारी माणसाला अलिबागला न्यायचं म्हणजे काय, हे तिथल्या घरांना विचारावं. त्यामुळे इथे मागणी बंदीची नाही. किनाऱ्याला लागून असलेल्या पट्ट्यात गाडी थांबू द्यायची नाही, ही मागणी आहे. जाणारी गाडी जाऊ दे, पण ३० च्या वेगाने. रस्ता ओलांडायच्या दोन-तीन जागा ठरवून तिथे रस्ताच पदपथाच्या उंचीला आणायचा, म्हणजे गाडीला चढून उतरावं लागतं आणि माणूस सपाट चालतो. समुद्राच्या बाजूला, जिथे आज गाड्या उभ्या राहतात, तिथे सलग पायवाट. भारतीय रस्ते काँग्रेसचं मार्गदर्शक मानक चालण्याच्या मोकळ्या पट्ट्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी सांगतं, म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडू शकतील एवढी. एक मोटार उभी करायला लागणाऱ्या अडीच मीटर रुंदीहून ती कमी आहे. टपऱ्या त्या पायवाटेच्या आतल्या अंगाला, ओळीत, ठरलेल्या जागी. आणि रुग्णवाहिकेसाठी एक वाट कायम मोकळी, जिथे पाच मिनिटंसुद्धा गाडी लावायची नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. या किनाऱ्यावर मिनिटांना काय मोल आहे ते तेव्हापासून तरी आपल्याला ठाऊक असायला हवं.

मग गाड्या कुठे लावायच्या? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर डांबराचं मोठं मैदान हे नाही. कोकणात भात दिवाळीच्या आसपास कापून होतं, आणि पर्यटकांचा हंगाम दिवाळीपासून जूनपर्यंतचा. ज्या खाचरांत वाल किंवा कांदा घेतात ती सोडा; पण गावाच्या कडेची वरकस, म्हणजे भात न होणारी हलकी जमीन या काळात बऱ्याच ठिकाणी मोकळी असते. ती हंगामापुरती भाड्याने घेऊन तिथे वाहनतळ केला तर जमीन शेतकऱ्याची राहते, भाडं त्याच्या घरात येतं आणि पावसाळ्यात तिथे पुन्हा गवत उगवतं. तिथून समुद्रापर्यंत किलोमीटरभर चालायचं, गावातून, वाड्यांच्या कडेने. वाटेत खानावळ लागेल, कुणाच्या पडवीत आंबापोळी-फणसपोळी मांडलेली असेल. आज हे घर समुद्रापासून दूर म्हणून पाहुण्याच्या नजरेतच येत नाही. शेवटचा किलोमीटर पायी झाला की पैसा टपऱ्यांच्या एका रांगेत न अडकता गावभर फिरतो. माझ्या मते या योजनेचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे, आणि तो मांडला जात नाही.

धंद्याच्या भीतीबद्दल एवढंच म्हणेन की ती भीती खरी आहे आणि तिची टिंगल करू नये. हंगामाच्या सात-आठ महिन्यांत वर्षाची कमाई करायची असते. एका मोठ्या सुट्टीत गिऱ्हाईक तुटलं तर मुलांच्या फीचे वांधे होतात. म्हणून आधी मोजावं आणि मगच कायम करावं. आठवड्याची विक्री टपरीवाल्यांनी स्वतः लिहून ठेवावी, प्रयोगाआधीची आणि प्रयोगातली.

ज्यांना विचारलंच नाही, त्यांच्या मनात काय साचतं, हे सॅन फ्रान्सिस्कोत दिसलं. तिथे पॅसिफिकच्या काठाने जाणाऱ्या ग्रेट हायवेचा सुमारे तीन किलोमीटरचा भाग गाड्यांना कायमचा बंद करून तिथे बाग करावी, असा कौल नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी दिला. एप्रिल २०२५ मध्ये ती बाग खुली झाली, आणि आता तिथे माणसं वाऱ्यात चालतात. पण शहरभरातून बहुमत मिळालं तरी त्या रस्त्याला लागून राहणाऱ्या वस्त्यांचा कौल विरोधात होता. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या वस्तीच्या मतदारांनी या बदलाची बाजू घेणाऱ्या आपल्या लोकप्रतिनिधीला मुदतीआधीच घरी बसवलं. निर्णय चांगला होता असं मला वाटतं. पण रोज त्या रस्त्याने कामावर जाणाऱ्याला तो आपल्यावर लादल्यासारखा वाटला. काशीद किंवा नागावचा निर्णय इथे वीकएंड होम असलेल्या मुंबईकराने, किंवा लेख लिहिणाऱ्या माझ्यासारख्याने घ्यायचा नाही. तो ग्रामसभेत व्हायला हवा, आणि त्या सभेत कोळीवाडा असायला हवा. बर्फ आणणारा टेम्पो, मासळी नेणारी गाडी, जाळी ठेवायची आणि होड्या ओढायची जागा, यांना कोणतीही बंदी लागू नये. किनारा आधी त्यांचा आहे. गावात राहणाऱ्याच्या गाडीला पास, दूधवाल्याला पास, लग्नघराला त्या दिवसापुरता पास. यात अवघड काहीच नाही.

पाहुण्यांनाही एक सांगणं आहे. अलिबागला गाडीशिवाय येता येतं, आणि चांगलं येता येतं. गेटवेहून मांडव्याला बोट, तिथून अलिबागपर्यंत त्याच तिकिटात बस, पुढे एसटी किंवा मिनीडोर. हा मार्ग वर्षानुवर्षं चालू आहे. तो मांडव्याहून थेट नागाव, रेवदंडा, काशीदपर्यंत ठरलेल्या वेळी नेला, शनिवार-रविवारी जादा एसटी सोडल्या, सामान ठेवायला किनाऱ्याजवळ कपाटं केली, तर तरुण मुलांचे कितीतरी गट गाडी आणणारच नाहीत. आज ते आणतात कारण शेवटच्या वीस किलोमीटरची खात्री नसते. रस्ते रुंद करायला जो पैसा जातो त्याच्या अगदी छोट्या भागात हे होण्यासारखं आहे, आणि एसटीने ते करून दाखवावं असं मला मनापासून वाटतं.

पैशाचा आणि अधिकाराचा मुद्दा थोडक्यात. रस्ता राज्याचा, किनारा सरकारचा, कचरा ग्रामपंचायतीचा, अशी आजची वाटणी आहे. मोटार वाहन कायद्याच्या ११५व्या कलमाने सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा सोयीसाठी ठरावीक रस्त्यावर ठरावीक वेळी वाहनांवर निर्बंध घालण्याचा अधिकार राज्य सरकारला आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पादचाऱ्यांसाठी नियम करण्याची वाटही राज्याला मोकळी झाली आहे. म्हणजे कायदा आडवा येत नाही; जिल्हाधिकाऱ्यांची सही आणि सार्वजनिक बांधकाम विभागाचं सहकार्य लागतं. वाहनतळाचे पैसे मात्र ग्रामपंचायतीकडेच यावेत, आणि त्यांतून काय केलं ते दर महिन्याला चावडीवर लिहावं: किती गाड्या, किती रुपये, स्वच्छतागृहावर किती, जीवरक्षकांच्या पगारावर किती. पाहुणा पैसे द्यायला कुरकुर करतो ते पैसे कुठे जातात हे दिसत नाही म्हणून.

सागरी महामार्गाबद्दल मात्र आजच हट्ट धरायला हवा. तो किनाऱ्यावरच्या गावांच्या पोटातून जाता कामा नये. मागच्या अंगाने जावा, आणि तिथून किनाऱ्याकडे छोटे, धिमे फाटे यावेत. महामार्ग एकदा वाळूजवळून गेला की तो परत उचलून मागे नेता येत नाही, आणि मग तीसचा वेग, पायवाट, सुरूची सावली यावर बोलणं संपतं. ज्या गावांची आखणी अजून पक्की नाही, त्यांनी हरकती लेखी द्याव्यात, नकाशा मागून घ्यावा, तो भिंतीवर लावावा.

सुरुवात कुठून करायची याबद्दल माझी सूचना अशी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घ्यावा की येत्या दिवाळीच्या सुट्टीत आणि नाताळच्या आठवड्यात, शनिवार-रविवारी दुपारी तीन ते रात्री नऊ, किनाऱ्याच्या पट्ट्यात गाडी थांबणार नाही. जिथे पर्यायी रस्ता आहे तिथे त्या वेळात गाडी येणारच नाही. ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि पोलीस ठाण्याकडे लगेच जावा, म्हणजे दिवाळीपर्यंत अधिसूचना निघेल. वाहनतळाची जागा, विजेवरची चार-सहा वाहनं आणि कपडे बदलायच्या खोल्या त्याआधी तयार हव्यात. नसतील तर प्रयोग पुढे ढकलावा, अर्धवट करू नये. टपरीवाल्यांच्या वह्या, वाहनतळाची पावतीपुस्तकं, पोलिसांकडची अपघातांची नोंद आणि कोळीवाड्याच्या तक्रारी, हे सगळं २६ जानेवारीच्या ग्रामसभेत सर्वांपुढे वाचावं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचं काय करायचं ते त्याच सभेत हात वर करून ठरवावं.